सहीची जबाबदारी

आकाशातून विमान जाऊ लागले, की शेतात राबणारा शेतकरी असो वा गच्चीवर वाळवण घालणारी गृहिणी, प्रत्येकाची मान क्षणभर वर जातेच. विमान उडवणाऱ्या वैमानिकाचे कौतुक होते, विमान बांधणाऱ्या कंपनीचे नाव अनेकांना ठाऊक असते. परंतु ज्यांनी त्या विमानाचा एकेक भाग रेखाटला, मोजला आणि तपासला, त्या अभियंत्यांची नावे सहसा कोणालाच माहीत नसतात. विमाने आणि अग्निबाण बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत असे हजारो अभियंते काम करतात. त्यांच्याविषयी समाजात एक झगमगीत कल्पना रूढ आहे. मोठी कंपनी, भरपूर वेतन, परदेशगमनाची संधी आणि रोज काहीतरी नवे शोधण्याचा आनंद, असे त्या कल्पनेचे स्वरूप असते. ही कल्पना सर्वस्वी खोटी नाही. मात्र ती फार अपुरी आहे. या व्यवसायाचे मर्म वेगळेच आहे. येथे माणसाच्या वाट्याला काम लहान येते आणि जबाबदारी फार मोठी येते. त्या जबाबदारीची खरी परीक्षा ज्या दिवशी ‘नाही’ म्हणावे लागते, त्या दिवशी होते.

प्रथम या कामाचे रोजचे रूप पाहू जाता असे दिसते, की संपूर्ण विमान कोणा एकाच्या वाट्याला कधीच येत नाही. मोठ्या प्रवासी विमानात लाखो सुटे भाग असतात. एखादा अभियंता चाकांच्या कप्प्याच्या दाराची बिजागरी घेऊन दोन-तीन वर्षे बसलेला असतो. दुसरा इंधन वाहून नेणाऱ्या नळीच्या एका वळणाचा विचार करीत असतो. बिजागरी हलकी असली पाहिजे, कारण विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो. ती मजबूतही असली पाहिजे, कारण हजारो वेळा उघडझाप होऊनही तिला तडा जाऊन चालत नाही. धावपट्टीवरील उन्हाळा आणि दहा किलोमीटर उंचीवरील उणे पन्नास अंशांची थंडी, दोन्ही तिने सोसली पाहिजेत. एका छिद्राची जागा काही मिलिमीटरने बदलायची असली, तरी सांगाड्याचा, विजेच्या तारांचा, कारखान्यातील जोडणीचा आणि देखभालीचा विचार करणाऱ्या वेगवेगळ्या गटांची संमती घ्यावी लागते. आकडेमोड एकाने करायची, ती दुसऱ्याने तपासायची, चाचणी तिसऱ्याने घ्यायची आणि या साऱ्याची लेखी नोंद ठेवायची, अशी येथील शिस्त आहे.

महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाला किंवा तरुणीला ही शिस्त प्रथम जाचक वाटते. विमान बनवायला आलो आणि कागद रंगवीत बसलो, अशी खंत अनेकांच्या मनात येते. आपण आरेखित केलेला भाग प्रत्यक्ष आकाशात जाईपर्यंत कधी कधी दहा वर्षे उलटतात. मधल्या काळात प्रकल्प रद्द झाला, तर सारे श्रम कपाटात बंद होतात. अशा कामात उत्साह टिकवणे सोपे नसते, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या संथपणामागे सबळ कारण आहे. रस्त्यावरची मोटार बिघडली, तर ती कडेला उभी करता येते. आकाशात तशी सोय नसते. म्हणूनच विमानाच्या पंखावर प्रत्यक्ष सेवेत जास्तीत जास्त जेवढा भार येण्याची शक्यता असते, त्याच्या दीडपट भार पंखाने सोसलाच पाहिजे, असा दंडक आहे. जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील एव्हरेट येथे बोइंग ७७७ या विमानाच्या पंखांची अशी चाचणी झाली. पंखांची टोके यंत्रांच्या साहाय्याने सुमारे सात मीटर वर ओढली गेली. अपेक्षित कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर पंख मोडले. एरवी कोणतीही वस्तू मोडणे हे अपयश समजले जाते. येथे मात्र अभियंत्यांनी कागदावर मांडलेला हिशेब खरा ठरला होता. पंख नेमके कोठे आणि कधी मोडतील, हे ज्यांना आधी ठाऊक असते, त्यांच्याच पंखांवर प्रवाशांनी निर्धास्त बसावे.

कंपनी जेवढी मोठी, तेवढे लहान गोष्टींचे महत्त्व वाढते. युरोपातील एअरबस कंपनीने ए-३८० हे दुमजली विमान बांधायला घेतले. त्याचे भाग अनेक देशांत तयार होत होते. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा होत्या. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समधील तुलूझ येथे जोडायला घेतले, तेव्हा ते जागोजागी अपुरे पडू लागले. दोन्ही ठिकाणचे अभियंते कुशल होते; परंतु आरेखनासाठी ते संगणकाच्या एकाच प्रणालीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. या व अशा अडचणींमुळे विमाने ग्राहकांच्या हाती पडायला सुमारे दोन वर्षे उशीर झाला. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सुपूर्द करण्यात आले. आपला भाग बिनचूक करणे एवढ्यानेच अभियंत्याचे कर्तव्य संपत नाही. शेजाऱ्याच्या भागाशी तो जुळतो की नाही, हे विचारण्याची तसदीही त्याने घेतली पाहिजे, असा धडा या प्रसंगाने दिला.

अशा रीतीने काम हजारो हातांत विभागले गेले, की एक धोका निर्माण होतो. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, अशी वृत्ती बळावू लागते. ही वृत्ती रोखण्यासाठीच प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात काही लहान चौकटी असतात. आराखडा कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मान्य केला, हे त्या चौकटींत सहीनिशी लिहिलेले असते. ती सही प्रवाशाला कधीच दिसत नाही. तथापि तिकीट काढून विमानात बसणारा प्रत्येक माणूस अशा हजारो अनोळखी सह्यांवर आपला जीव सोपवीत असतो. मग ज्या दिवशी मन ग्वाही देत नाही आणि वरिष्ठ मात्र सहीसाठी खोळंबलेले असतात, त्या दिवशी अभियंत्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९८६ सालची एक घटना आठवल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेची अवकाशयाने ज्या दोन मोठ्या घनइंधन अग्निबाणांच्या बळावर उड्डाण करीत, ते मॉर्टन थायोकॉल ही कंपनी युटा राज्यात तयार करीत असे. अग्निबाण अखंड नसून तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असे. दोन तुकड्यांच्या सांध्यातून आतला तप्त वायू बाहेर निसटू नये, यासाठी तेथे रबराची दोन गोल कडी बसवलेली असत. अग्निबाण पेटताच सांधा किंचित फाकतो. त्याच क्षणी रबर फुगून ती फट बुजली पाहिजे. थंडीत मात्र रबर ताठर होते. जानेवारी १९८५ मधील एका उड्डाणाच्या वेळी सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. त्या उड्डाणानंतर परत मिळालेल्या अग्निबाणाच्या सांध्यात कड्यापलीकडे काजळी गेल्याचे कंपनीचे अभियंते रॉजर बोजोले यांना आढळले. ३१ जुलै १९८५ रोजी त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले, की या प्रश्नाकडे तातडीने लक्ष दिले नाही, तर मनुष्यहानी होऊ शकेल.

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाचे उड्डाण ठरले होते. उड्डाणस्थळी, फ्लोरिडा राज्यात, आदल्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार, असा अंदाज होता. त्या रात्री दूरध्वनीवरून बैठक भरली. सांध्याचे तापमान १२ अंशांपेक्षा कमी असताना उड्डाण करू नये, अशी शिफारस कंपनीच्या अभियंत्यांनी केली. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले गेले होते. कंपनीच्या वरिष्ठांनी विचारविनिमयासाठी पाच मिनिटे मागून घेतली. ती अर्ध्या तासापर्यंत लांबली. बोजोले आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुन्हा एकदा आकृत्या काढून धोका समजावून सांगितला. परंतु त्यांचे म्हणणे मनावर घेतले गेले नाही. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला तर, आता अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावी, असे सुचवण्यात आले. अखेर चार वरिष्ठांनी आपापसांत निर्णय घेऊन उड्डाणाला संमती कळवली. कंपनीचे उड्डाणस्थळावरील प्रतिनिधी ॲलन मॅकडोनल्ड यांनी त्या संमतीपत्रावर सही करण्यास नकार दिला. तेव्हा ते पत्र दुसऱ्या वरिष्ठाच्या सहीने युटाहून पाठवले गेले.

दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान आकाशातच भंगले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिका होती. तिचे उड्डाण पाहण्यासाठी अनेक शाळांतील मुले दूरचित्रवाणीसमोर बसली होती. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचे सदस्य आणि नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी भर बैठकीत रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सैल केला, तेव्हा रबर लगेच मूळ आकारात आले नाही. अभियंते त्या रात्री कळकळीने जे सांगत होते, ते पाण्याच्या एका पेल्यात सर्वांना दिसले. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत अभियंत्यांची मूळ शिफारस पोहोचलीच नव्हती, ही गोष्टही चौकशीत उघड झाली.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की प्रत्येक शंकेपाशी थांबायचे ठरवले, तर एकही विमान जमिनीवरून उचलले जाणार नाही. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. उड्डाणात धोका शून्य कधीच नसतो. विलंबाची किंमत मोजावी लागते, ग्राहक दूर जातात, प्रसंगी कामगारांच्या नोकऱ्याही जातात. व्यवस्थापकांच्या शिरावर या साऱ्याचे ओझे असते आणि त्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. शिवाय शंका घेणारा प्रत्येक अभियंता बरोबरच असतो, असेही नाही. काही शंका अनुभवाच्या अभावातून येतात, तर काही केवळ भीतीतून.

परंतु त्या रात्री खरी चूक कोठे झाली, हे नीट पाहिले पाहिजे. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असा विमानविद्येचा नित्याचा नियम. त्या रात्री तो उलटा झाला. उड्डाण असुरक्षित आहे हे सिद्ध करा, अशी मागणी अभियंत्यांकडे करण्यात आली. तेवढ्या थंडीत पूर्वी कधीच उड्डाण झाले नव्हते. तेव्हा ठाम पुरावा आणायचा तरी कोठून? पुरावा नाही म्हणून धोका नाही, हा तर्क घातक ठरला. शंका आणि घाई यांचा सामना होईल, तेव्हा सिद्धतेचा भार घाईवर असला पाहिजे. कंपनीने ही रीत पाळली, तर बहुतेक शंका तासाभरात मिटतात आणि काम पुढे जाते. ज्या शंका मिटत नाहीत, त्यांच्यासाठीच थांबायचे असते.

ही जबाबदारी पदवीधर अभियंत्यांपुरती मर्यादित आहे, असे मात्र कोणी समजू नये. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरातून निघालेल्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाच्या बाजूचे एक बंदिस्त दार सुमारे पाच किलोमीटर उंचीवर निखळून पडले. विमानात १७७ माणसे होती. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. दार जागच्या जागी धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच गेले नव्हते, असे तपासात आढळले. कारखान्यात जवळचे काही रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी ते दार उघडण्यात आले होते. परंतु ते उघडल्याची नोंद कोठेही केलेली नव्हती. नोंद नाही म्हणून पुन्हा तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून बोल्ट नाहीत. कागद रंगवण्याचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी हा प्रसंग विसरू नये. पाना फिरवणारा जोडारी आणि नोंदवही भरणारा तपासनीस हे दोघेही विमानाच्या सुरक्षिततेचे तितकेच भागीदार आहेत. त्यांना पुरेसे प्रशिक्षण आणि पुरेसा वेळ मिळतो की नाही, हे पाहणे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे.

‘नाही’ म्हणणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही जाणून घेणे उद्बोधक ठरेल. बोजोले यांना सहकाऱ्यांचा दुरावा सोसावा लागला. अखेर त्यांनी कंपनी सोडली आणि उर्वरित आयुष्यात ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांपुढे व्यावसायिक नीतीविषयी व्याख्याने दिली. १९८८ मध्ये त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा एक मानाचा पुरस्कार मिळाला. मॅकडोनल्ड यांनी आयोगापुढे सत्य सांगितले, तेव्हा त्यांचे पद खाली आणले गेले. अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर त्यांना पुन्हा सन्मानाने काम देण्यात आले, आणि तेही सदोष सांध्याची नव्याने रचना करण्याचे. २९ सप्टेंबर १९८८ रोजी ‘डिस्कव्हरी’ यान नव्या सांध्यांसह सुखरूप झेपावले. ज्याने सही नाकारली, त्याच्याच देखरेखीखाली दोष दूर झाला. खरे बोलणारा माणूस कंपनीचा शत्रू नसतो, हे यावरून स्पष्ट होते. मात्र प्रत्येक प्रामाणिक माणसाच्या पाठीशी लोकप्रतिनिधी उभे राहतील, अशी खात्री देता येत नाही. म्हणून केवळ व्यक्तीच्या धैर्यावर विसंबून न राहता, विरोधी मत लेखी नोंदवण्याची, ते अंतिम निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची आणि ते मांडणाऱ्याला संरक्षण देण्याची व्यवस्था कंपनीतच असली पाहिजे.

भारतालाही हा विचार परका नाही. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरू येथे विमानांचा कारखाना उभारला. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने वाढला. नाशिकजवळ ओझर येथे याच कंपनीने मिग आणि सुखोई लढाऊ विमाने बांधली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे तयार झालेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ विमान आकाशात झेपावले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे भारतीय अवकाश संस्थेच्या घनइंधन अग्निबाणांची पोलादी कवचे घडवली जातात. बंगळुरूमध्ये तर परदेशी विमान कंपन्यांची मोठी केंद्रे असून तेथे भारतीय अभियंते जगभर उडणाऱ्या विमानांचे भाग आरेखित करतात. या साऱ्या ठिकाणी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली, कित्येकदा लहान गावांतली तरुण मुले-मुली दाखल होतात. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून ‘होय’ म्हणावे, ही शिकवण त्यांना घरातूनच मिळालेली असते. आदर हा सद्गुण खराच. परंतु आदर आणि मौन एक नव्हे. ‘साहेब, आपला मान राखून सांगतो, हे मोजमाप मला पटत नाही’ एवढे वाक्य नम्रपणे, पण स्पष्टपणे उच्चारता येणे, ही या व्यवसायातील गणिताइतकीच आवश्यक विद्या आहे. ती महाविद्यालयांत शिकवली गेली पाहिजे आणि कारखान्यांत ऐकून घेतली गेली पाहिजे.

वीजजोडणीचा दाखला देणारा तारतंत्री, पुलाचे काँक्रीट तपासणारा पर्यवेक्षक, औषधाची मात्रा नोंदवणारी परिचारिका, या सर्वांच्या सहीलाही हाच न्याय लागू पडतो. सही करायला क्षणभर पुरतो. त्या क्षणाआधी जे पाहायचे, मोजायचे आणि विचारायचे, ते झाले असेल तरच त्या सहीला अर्थ असतो. ते झाले नसेल, तर लेखणी खाली ठेवणे हेसुद्धा कामच आहे. ज्या कंपनीत अशी खाली ठेवलेली लेखणी पाहून वरिष्ठ रागावण्याऐवजी कारण विचारतात, त्या कंपनीच्या विमानात मुलाबाळांसह निश्चिंतपणे बसावे.